तिचा आधीचा माणूस पिच्छा सोडत नसेल तर

मी मोटार वायंडिंगचं काम करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात, एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की जळालेल्या सबमर्सिबल दुकानापुढे रांगेत येऊन पडतात, आणि थ्री फेज रात्रीची असली की शेतकऱ्यांचे फोनही रात्री बारा-एकला येतात. त्यामुळे माझा फोन कधी बंद नसतो. जिच्याशी माझं जुळलं ती आमच्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे, गाव तिला सिस्टर म्हणतं. बाळंतपणाचा फोन कधीही येतो, म्हणून तिचाही फोन बंद नसतो. 

ज्या पोट्ट्यांचं नुकतंच कुठे जुळलंय आणि जिच्याशी जुळलंय तिचा आधीचा माणूस मागे लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिने आधी वाचलं, दोन ठिकाणी खोडलं, मगच मी पुढे दिलं. तुम्हीही तिची गोष्ट तिला विचारल्याशिवाय कोणाला सांगू नका.

आमचं जुळून तीन आठवडे झाले असतील. रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून मेसेज आला: "जिच्यासोबत फिरून राहिला, तिले विचार अमरावतीत तीन वर्षं कोणासोबत होती." खाली एक फोटो. चिखलदऱ्याचं धुकं, ती आणि एक पोट्टा, दोघं हसत. फोटोत वावगं काही नव्हतं, पण माझ्या पोटात गोळा आला.

मी त्याला फोन लावला. सात-आठ मिनिटं तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं शांतपणे रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या भावाला पाठवलं, "तुमची बहीण कसल्या माणसाच्या नादी लागली ते ऐका" म्हणून. त्या आठवड्यात तिला त्याचे फोन तिपटीने वाढले. त्याला वर्षभर जे मिळत नव्हतं ते मी सात मिनिटांत दिलं होतं: तिच्या आयुष्यात पाय ठेवायला जागा. त्याला फोन करू नका. मेसेज नको, स्टेटसवरून टोमणे नको, मित्राला मध्ये घालणं नको.

मारायला तर जाऊच नका. माझे मित्र दोन गाड्या काढून निघायला तयार होते. वायंडिंगच्या दुकानात लोखंडी पाइप भरपूर असतात. पण त्याला एक फटका बसला असता तर तो सरकारी दवाखान्यात जाऊन कागद करून आला असता, आमच्यावर गुन्हा लागला असता, आणि तिची तक्रार "दोन पोट्ट्यांची मारामारी" होऊन कायमची बसली असती.

तिला काय विचारायचं

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटलो आणि तिथेही चुकलो. किती वर्षं होतं, कुठे कुठे गेलात, का तुटलं, अशी सरबत्ती लावली. ती उत्तरं देत गेली आणि चेहरा उतरत गेला. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "तू तिले काऊन विचारून राहिला? तिनं काय चोरी केली काय?" आई सातवी शिकलेली आहे. त्या रात्री मला तिच्याइतकं शहाणं कोणी भेटलं नाही.

तिच्या आधीच्या प्रेमाचा हिशेब तुम्हाला लागत नाही. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात. तिला त्याची भीती वाटते का? त्याने कधी हात उचलला, गळा धरला, जाळण्याची-मारण्याची भाषा केली का? आणि त्याच्याकडे तिचं काय काय आहे: फोटो, पासवर्ड, मूळ कागदपत्रं, उसने पैसे, घराची चावी? ही तीन उत्तरं मिळाली की पुढचं ठरवता येतं. बाकीचं ती सांगेल तेव्हा ऐकायचं.

एकच नकार, लेखी

तिने त्याला आधी वीस वेळा नाही म्हटलं होतं, पण प्रत्येक वेळी फोनवर, रडत, समजावत. त्याचा पुरावा काहीच नव्हता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे (आधी तो जुन्या भादंविचं ३५४ ड होता, २०१३ मध्ये आलेला). स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने तिचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क केला किंवा करायचा प्रयत्न केला, तर तो गुन्हा होतो; तिच्या इंटरनेट-मेसेजवर पाळत ठेवली तरीही होतो. "स्पष्ट" हा शब्द तिथे आहे, म्हणून नकार लेखी हवा. पूर्वी प्रेम होतं, म्हणून आता पाठलागाची सूट मिळत नाही.

आम्ही, म्हणजे तिने, हा मेसेज पाठवला: "मला तुझ्याशी कोणताही संबंध ठेवायचा नाही. यापुढे मला, माझ्या घरच्यांना, माझ्या कामाच्या ठिकाणी किंवा माझ्या ओळखीच्या कोणालाही फोन, मेसेज करू नको, भेटायला येऊ नको. केलंस तर मी पोलिसात तक्रार करीन." बस्स. "सॉरी" नाही, "सध्या" नाही, "तू चांगला आहेस पण" नाही. माझं नावही नाही. नवा माणूस आहे म्हणून नको, असं लिहिलं की तो नव्या माणसाला बाजूला करायच्या मागे लागतो. मेसेज तिच्याच शब्दांत, तिच्याच फोनवरून गेला पाहिजे.

त्यानंतर उत्तर शून्य. यात कच खाऊ नका. एकोणचाळीस फोन सोडून चाळिसावा उचलून "का त्रास देतोस" एवढंच विचारलं, तरी चाळीस फोन केले की आवाज ऐकायला मिळतो हे त्याला कळतं. पुढच्या वेळी तो चाळिसाची तयारी ठेवूनच बसतो. उत्तर बंद झाल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढतो. आमच्याकडे एका दिवसात त्रेसष्ट मिस्ड कॉल होते. तेव्हाच सगळ्यात जास्त धीर लागतो.

फोन, आणि नंबर बदलता येत नाही तेव्हा

जो तो सांगतो, नंबर बदल. तिचा नंबर पाच गावांतल्या गरोदर बायांकडे, आशाताईंकडे, अंगणवाडीच्या भिंतीवर. तो बदलणार कसा? आम्ही असं केलं. जुना नंबर एका साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकला, तो फक्त ड्युटीसाठी. अनोळखी नंबर आला की "उपकेंद्र, बोला" एवढंच म्हणायचं, आणि त्याचा आवाज आला की एक शब्दही न बोलता ठेवायचा. घरचे, मी, बँक, सगळं नव्या सिमवर. उपकेंद्राच्या दारावर आशाताईचा नंबर, ॲम्ब्युलन्सचे १०२ आणि १०८ मोठ्या अक्षरात लावले, म्हणजे तिचा फोन लागला नाही तरी कोणी बाई अडकणार नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तिने स्वतः सांगितलं, त्यांनी हरकत घेतली नाही.

मग एक रविवार बसून तिने तिचा फोन साफ केला. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" पाहा; तिच्या चॅट अमरावतीतल्या एका कॉम्प्युटरवर उघड्या होत्या, कित्येक महिने! गूगल खात्यात कुठले कुठले फोन लॉगिन आहेत, लोकेशन कोणाला शेअर आहे आणि रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते पाहा. रिकव्हरी नंबर त्याचाच निघाला. म्हणजे पासवर्ड बदलला असता तरी तो पुन्हा आत शिरला असता. आधी रिकव्हरी बदला, मग पासवर्ड, मग टू-स्टेप. सिम कोणाच्या आधारवर घेतलं होतं तेही आठवा. प्रेमात असताना पोट्टे स्वतःच्या नावावर सिम काढून देतात, आणि ज्याच्या नावावर सिम त्याला डुप्लिकेट काढता येतं, सगळे ओटीपी तिकडे जातात.

सगळीकडे ब्लॉक केल्यावर तो यूपीआयवरून एकेक रुपया पाठवायला लागला, खाली दोन ओळी लिहून. ते पैसे परत करू नका, तोही संपर्कच आहे. स्क्रीनशॉट काढा आणि त्या ॲपमध्येही ब्लॉक करा.

रजिस्टर

ही कल्पना तिची. उपकेंद्रात गरोदर मातांचं रजिस्टर असतं, जोखमीची माता लाल शाईने लिहितात. तिने दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, काय झालं, कुठल्या नंबरवरून किंवा कुठे, कोणी पाहिलं, पुरावा कुठे ठेवला. साधे फोन-मेसेज काळ्या शाईने. धमकी, प्रत्यक्ष येणं, कोणाला मध्ये घालणं लाल शाईने. महिन्याभरात काळ्यात लाल किती मिसळली हे पानावर दिसायला लागलं. ठाण्यात नुसतं "लय त्रास देतो" म्हणणं आणि हे पान पुढे ठेवणं यात मोठा फरक पडतो.

स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दोन्ही दिसली पाहिजेत. नाव सेव्ह असेल तर नंबर उघडून वेगळा काढा. ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. रागाने डिलीट करू नका, मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतो, पण मूळ फोन जपणं आपल्या हातात. तो माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला त्या दिवशीचं चित्रण समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात होतं. मी पाच दिवसांनी मागायला गेलो तर जुनं पुसून नवं चढलं होतं. त्याच दिवशी मागा.

गावात कोणाला सांगायचं

हे तिला विचारून. आमच्या भागात पोरीच्या घरी "एक पोट्टा मागे आहे" एवढं कळलं की पहिला उपाय म्हणजे नोकरी सोडवून घरी आणणं आणि महिन्याभरात मिळेल त्या स्थळाशी लग्न लावणं. त्रास देणारा मोकळा, पोरगी कोंडलेली. तिच्या भावाला रेकॉर्डिंग गेल्यावर अगदी हेच व्हायचं होतं. तिने वहिनीला आधी सगळं सांगितलं, वहिनीने भावाला. भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही, पण नोकरी वाचली.

आम्ही पाच जणांना सांगितलं: घरमालकीण आजी, आशाताई, तिचे साहेब, पोलीस पाटील आणि किराणावाला. प्रत्येकाला दोनच वाक्यं. "या गाडीवर असा असा माणूस सिस्टरला त्रास देतो. दिसला तर त्याच्याशी बोलू नका, तिला आणि मला फोन करा." फोटो दाखवला, पण ग्रुपवर टाकला नाही. ग्रुपवर टाकला की गाव तिच्याच चारित्र्याची चर्चा करतं, आणि त्याच्या हाती बदनामीचं कोलीत मिळतं. पोलीस पाटील म्हणाले, "तंटामुक्तीत बसवू दोघायले, मिटवून टाकू." आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. समितीत बसवणं म्हणजे त्याला तिच्यासमोर खुर्ची देणं. शेताच्या धुऱ्याचं भांडण तिथे मिटतं, हे मिटत नाही.

"औषध घेतो" म्हणाला तर

डिसेंबरात त्याने नव्या नंबरवरून तिला पाठवलं, "भेटली नाही तर फवारणीचं औषध घेतो, चिठ्ठीत तुझं नाव." विदर्भात हे वाक्य कोणालाही पोकळ वाटत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत असा माणूस गेलेला आहे. ती हातपाय गळून खाली बसली, आणि जाऊन भेटते म्हणाली.

जाऊ नका, जाऊ देऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. ११२ ला फोन करून त्याचं नाव, गाव, मेसेज सांगा. पोलिसांना तिथे पोचू द्या. त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला कळवा, तिच्या फोनवरून नाही, पोलीस पाटलामार्फत. १४४१६ ही टेलिमानसची, मानसिक आधाराची फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, तो नंबर त्याच्या घरच्यांना द्या. आम्ही हे केलं. त्याचा बाप सायकलवर शेतात धावला. पोट्टा बांधावर बसलेला होता, सुखरूप. त्याच्या जिवाची काळजी मलाही होती, आजही आहे. पण त्याला वाचवायचं काम तिच्या गळ्यात पडलं असतं तर ती जन्मभर सुटली नसती. तो मेसेज लाल शाईने नोंदवला.

ठाण्यात

लेखी तक्रार दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. कलम ७८ ची फिर्याद स्त्री देत असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तसा कायदा आहे. आम्हाला पहिल्या दिवशी ऐकायला मिळालं, "तुमचं आपसातलं दिसतं, समज देऊन सोडतो, एनसी करू." पाठलाग दखलपात्र गुन्हा आहे, त्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होत नाही, एफआयआर होते. ठाण्याची हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घेता येते. घेतलीच नाही तर तक्रार लेखी, रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर कोर्टात अर्ज. आम्ही पोस्टाची पावती रजिस्टरला चिकटवली. काही दिवसांनी बोलावणं आलं आणि गुन्हा दाखल झाला. प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून स्त्रीला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांचा भरोसा सेल असतो, आम्हाला पहिल्यांदा नीट बसवून ऐकलं ते तिथल्या ताईंनी.

खाजगी फोटोंची धमकी असेल तर घाबरून काही कबूल करू नका. फोटो तिने राजीखुशीने काढू दिलेला असला, तरी तिच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याला दाखवणं कलम ७७ मध्ये गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमंही लागतात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. स्टॉप एनसीआयआय नावाची सोय आहे: फोटो फोनमधून बाहेर न जाता त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो, आणि त्या यादीत सामील असलेल्या ॲपवर तो फोटो चढण्यापासून रोखता येतो.

मागे लागलेली व्यक्ती बाई असेल आणि त्रास मुलाला असेल, तर कलम ७८ लागत नाही. धमकीचं ३५१, खंडणी मागत असेल तर ३०८, अशी कलमं लागतात. रजिस्टर तसंच ठेवायचं.

जामिनाची रात्र

कलम ७८ मध्ये पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे गुन्हा दाखल झाला की तो त्याच दिवशी, अपमानाने पेटलेला, बाहेर येऊ शकतो. तयारी त्या रात्रीची आधी करा.

आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिंगणघाट होतं. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी, नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला ओळखीच्याच माणसाने पेट्रोल टाकून पेटवलं. ती १० फेब्रुवारीला नागपुरात वारली. दोन वर्षांनी, २०२२ च्या फेब्रुवारीत, त्याला जन्मठेप झाली. ती रोजच्या वेळेला, रोजच्या रस्त्याने चालली होती.

सिस्टरचे लसीकरणाचे दिवस गावनिहाय ठरलेले असतात आणि ते उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असतात. तो ते वाचून गेला होता. डिसेंबरात पांदण रस्त्याच्या दोन्ही बाजूला तूर डोक्याएवढी असते, आत माणूस उभा असला तरी दिसत नाही. आम्ही गावं बदलू शकत नव्हतो, वेळ आणि रस्ता बदलला. स्कूटीवर मागे आशाताई. निघताना एक मिस्ड कॉल, पोचल्यावर एक, आणि ते ती आजीला द्यायची. जामिनाच्या आठवड्यात ती आजीच्या आतल्या खोलीत झोपली, अंगणात मोठा बल्ब मी लावून दिला. तो प्रत्यक्ष यायला लागला, शस्त्राची किंवा जाळण्याची भाषा बोलला, "माझी नाही तर कोणाचीच नाही" म्हणाला, तर त्याच क्षणी ११२, रजिस्टर नंतर. आमच्या साक्षगंधाची (साखरपुड्याची) तारीखही आम्ही पत्रिकेवर छापली नाही, घरोघर जाऊन सांगितली.

तुमच्या दोघांचं

त्याच दिवसांत मी तिला म्हटलं, लाइव्ह लोकेशन चालू ठेव, मला काळजी वाटते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तोही असंच म्हणायचा. हेच शब्द."

मला त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं आणि मी त्याच रस्त्याने निघालो होतो. फोन कोणाचा, उशीर का झाला, आज तो दिसला का, एवढंच माझ्या तोंडी राहिलं होतं. म्हणून मिस्ड कॉल आजीला ठरले, मला नाही. ती निवड तिची होती. पहारा ठेवायचा तर तो तिने मागितला तेवढाच आणि ती म्हणेल तेव्हा उठवायचा.

त्याचा विषय आम्ही संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत बांधून टाकला. रजिस्टर उघडायचं, लिहायचं, मिटायचं. त्यानंतर त्याचं नाव नाही. एका रविवारी मित्राच्या वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी केली, ती गोवऱ्यांच्या धुरात बसून दोन तास हसत होती, आणि मला आठवलं की आमचं जुळलं होतं ते तिच्या या हसण्यावरून.

रजिस्टर फेकू नका, शांत झालं तरी. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तीन वर्षांची मुदत असते, निदान तोवर ते जपा. आमच्यातली शेवटची लाल नोंद गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याची आहे. त्यानंतर तीन काळ्या, मग कोरी पानं. ते दुकानात वार्निशच्या डब्यांच्या वरच्या फळीवर आहे, उंदीर लागू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळून. आत ठेवलेला लाल पेन अजून चालतो.